अहवालातलं ‘प्रॉबेबली’

या, असे जवळ येऊन बसा. मागं भिंतीला टेकलात तर अर्धंच ऐकू येईल आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनानं भराल. मनानं भरलेल्या त्या अर्ध्यानं काय होतं, तेच आज सांगणार आहे. सरळ शेवटापर्यंत नेईन, मधे कुठं सोडणार नाही.

गोष्ट एका शब्दाची आहे. शब्द इंग्रजी, पण आता घरचाच होऊन बसलाय. ऑफिसात, दवाखान्यात, फोनवर, जिथं जावं तिथं हा आधीच येऊन बसलेला. प्रॉबेबली. म्हणजे बहुधा. दिसायला गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात ना, तसा.

सरकारी कचेरीच्या कुंपणाला लागून पत्र्याच्या टपऱ्यांची रांग होती. झेरॉक्सवाला, फोटोवाला, फॉर्म विकणारा, आणि सगळ्यात शेवटी भाषांतर करणाऱ्या बाईची टपरी. बावीस वर्षं ती तिथं बसून लोकांचे जन्म, मृत्यू, लग्नं आणि घटस्फोट एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेत होती. प्रत्येक पानाखाली गोल शिक्का मारायची, म्हणून तिला सगळे शिक्केवाली म्हणत. जीभ तिखट, व्यवहार चोख, देवावर भरवसा भारी. एकदा एकजण म्हणाला, बाई, जन्मसालात तेवढी दोन वर्षं इकडची तिकडं करा की. ती म्हणाली, मी फक्त भाषांतर करते, चमत्काराची खिडकी वर आहे. आणि बोट आभाळाकडं केलं. तो माणूस खरंच कचेरीच्या वरच्या मजल्यावर चौकशी करून आला, असं झेरॉक्सवाला अजून सांगतो.

तिला एक धाकटा भाऊ, रंगाच्या कारखान्यात फिटर. आई लवकर गेल्यामुळं त्याला हिनंच वाढवलेलं, तेव्हा भाऊ कमी आणि लेक जास्त. कारखान्यात त्याला डबल म्हणत. का, तर प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायची खोड. नट आवळला की परत आवळून बघायचा. डब्याचं झाकण लावलं की परत दाबायचा. लग्नाच्या नोंदणीत सही केली, ती नीट उठली नाही असं वाटून खाली आणखी एक केली. त्या कागदावर बायकोची एक आणि त्याच्या दोन सह्या आहेत. बायको म्हणायची, बरं झालं, मला दोन नवरे मिळाले, एक बिघडला तर दुसरा आहे.

आता त्याच्या कामाची एक रीत सांगतो, ती नीट ध्यानात घ्या. त्या कारखान्यात रंग घोटायची मोठी पिंपं होती, माणूस उभा मावेल एवढी, आणि आत फिरणारी पाती. पाती झिजली की फिटरला आत उतरावं लागायचं. उतरण्याआधी मेन स्विच बंद करायचा, त्याच्या कडीत आपलं स्वतःचं कुलूप अडकवायचं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची. प्रत्येक फिटरला कंपनीचं एक लाल कुलूप, त्याची एकच किल्ली. कुलूप दिसतंय तोवर आत माणूस आहे, मशीन सुरू होऊ शकत नाही. एखादा कुलूप विसरून घरी गेला, तर ते कापायचा अधिकार फक्त शिफ्टइनचार्जला. तोही तीन गोष्टी केल्यावर: पिंपात डोकावून बघायचं, त्या माणसाच्या घरी फोन करायचा, आणि रजिस्टरात कारण लिहून सही करायची. कापलेलं कुलूप मग स्टोअरच्या खिडकीत जमा करायचं.

एका मंगळवारी डबल तीन नंबरच्या पिंपात उतरला. दोन वाजता शिफ्ट सुटली. दोन बोल्ट राहिले होते. दुसरा कुणी पुढच्या शिफ्टवर टाकून निघून गेला असता. हा काम पुरं करून, परत तपासून मगच वर येणारा. दोन वाजून पंचवीस मिनिटांनी पाती सुरू झाली.

पुढचं सांगत नाही. देवानं त्याला पटकन उचललं असेल, एवढी एकच आशा.

तीन महिन्यांनी कंपनीच्या चौकशीचा अहवाल घरी आला. बारा पानं, सगळी इंग्रजीत. सोबत चिठ्ठी होती की पंधरा दिवसांनी सरकारी अधिकाऱ्यापुढं सुनावणी आहे, कुटुंबाला काही म्हणायचं असेल तर तेव्हा म्हणावं, त्यानंतर अहवाल कायम होईल. शिक्केवाली टपरी बंद करून भावाच्या घरी गेली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी भावजय समोर बसली आणि ही एकेक वाक्य वाचून तोंडानंच भाषांतर करत गेली. कामगार अनुभवी होता. यंत्र सुस्थितीत होतं. नियमांची पाटी भिंतीवर होती. नवव्या पानावर ती थांबली.

“थांबलात का, ताई?” भावजयीनं विचारलं.

“लिहिलंय की मृत कामगारानं बहुधा आपलं कुलूप लावलं नव्हतं.”

भावजयीनं टेबलावरचा एक डाग बोटानं पुसला. मग म्हणाली, “बहुधा म्हणजे? लावलं होतं की नव्हतं?”

“ते त्यांना माहीत नाही.”

“मग लिहिलं कसं?”

बावीस वर्षांत हा प्रश्न शिक्केवालीला एकाही वकिलानं विचारला नव्हता. तिनं पान उलटलं. नवव्या पानावर होतं ‘बहुधा लावलं नव्हतं’. दहाव्यावर होतं ‘कुलूप न लावल्यामुळं’. आणि बाराव्यावर, जिथं सह्या होत्या, तिथं ‘मृताच्या निष्काळजीपणामुळं’. तीन पानांत बहुधा गळून पडला, आणि खापर डबलच्या डोक्यावर फुटून मोकळं झालं. बरं, हा अहवाल घरी यायच्या आधीच गावभर झाला होता. दुकानात भावजयीला ऐकू जाईल अशा बेतानं एकजण म्हणाली होती, वाईट झालं, पण आपल्याच हातानं. लेकीला वर्गात कुणीतरी सांगितलं, तुझे बाबा विसरले म्हणून मेले. लेक घरी येऊन दप्तराचे बंद ओढून ओढून बघत बसली.

शिक्केवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊ गेला, ते दुःख देवाच्या पायाशी ठेवता येत होतं. पण ज्या माणसानं जन्मात एक नट एकदाच आवळला नाही, त्याला निष्काळजी ठरवून कागदावर सह्या करायच्या, हे काही देवानं केलं नव्हतं. हे माणसांनी केलं होतं, पंख्याखाली बसून, चहा पीत.

रात्रभर तो शब्द तिच्या डोक्यात घोंगावत राहिला. तिला काय तो शब्द नवा होता? डॉक्टरांच्या कागदांवर तिनं त्याचं शेकडो वेळा भाषांतर केलं होतं. तिथं त्याच्यामागं रक्ताची तपासणी असायची, क्ष-किरणांचा फोटो असायचा. मी बघितलंय, इतकं दिसलंय, आणि इतकं दिसलेलं नाही, असं एखादा प्रामाणिक माणूस त्या शब्दानं सांगायचा. तिथं तो शब्द नम्र होता. पण अर्ज नाकारणाऱ्या पत्रांतही तो यायचा: आपला कागद बहुधा टपालात गहाळ झाला असावा. तिथं त्याच्यामागं काहीच नसायचं, कुणी ड्रॉवरसुद्धा उघडून बघितलेला नसायचा. एकच शब्द, पण एका ठिकाणी बघणाऱ्याच्या तोंडी आणि दुसरीकडं न बघणाऱ्याच्या. आपल्याकडं ठाऊक नसलं की साधा माणूस ‘देव जाणे’ म्हणतो. त्यात निदान देवाला तरी ठाऊक असतं. ह्यांच्या प्रॉबेबलीत कुणालाच काही ठाऊक नव्हतं, आणि दोष मात्र ठरला होता.

आणि एक काटा तिचा स्वतःचाही होता. त्या मंगळवारी तीन वाजता भावजयीचा फोन आला होता, की हे अजून आले नाहीत. शिक्केवाली कुणाच्या तरी जन्मदाखल्यावर शिक्का मारत होती. फोन खांद्यात धरून म्हणाली होती, असेल गं बहुधा जादा कामाला. कारखाना चालत दहा मिनिटांवर. ती उठली नव्हती. उठली असती तरी तेव्हा उशीर झालेलाच होता, हे तिला कळत होतं. पण आपण न बघता बोललो हेही कळत होतं. म्हणून तिच्या रागाला धार होती. ज्यानं स्वतः ते पाप केलंय, त्याला दुसऱ्याचं पाप लांबून ओळखू येतं.

दुसऱ्या दिवशी तिनं कंपनीनं परत पाठवलेली पिशवी मागितली. भावजयीनं ती कपाटात तशीच ठेवली होती, गाठसुद्धा सोडली नव्हती. आत घड्याळ, डबा, चष्मा, पाकीट आणि एक लाल डोक्याची किल्ली. सोबत टाइप केलेली यादी: अंगावर आणि लॉकरमध्ये सापडलेल्या सर्व वस्तू. शिक्केवालीनं यादी वाचली, वस्तू मोजल्या, परत वाचली. मग किल्ली हातात धरून बसली.

“अगं, ही किल्ली आहे,” ती म्हणाली. “मग कुलूप कुठंय?”

भावजयीला पटकन कळेना.

“त्यानं कुलूप लावलंच नसतं, तर ते त्याच्या पट्ट्याला लटकलेलं असतं, नाहीतर लॉकरात असतं. यादीत यायला पाहिजे होतं. किल्ली आली, कुलूप आलं नाही. म्हणजे ते दुसरीकडं होतं.”

“स्विचला,” भावजय हळू म्हणाली. “पण कापायच्या आधी घरी फोन करायचा असतो ना, ताई? त्या दिवशी मी फोनजवळच शिवत बसले होते. दीडपासून तीनपर्यंत. एकदाही वाजला नाही.”

शिक्केवालीनं कंपनीला पत्र लिहिलं, दोन ओळींचं: माझ्या भावाचं कुलूप कुठं आहे ते कळवावं. आठ दिवसांनी एक ओळीचं उत्तर आलं. कुलूप प्रॉबेबली गहाळ झालं आहे. ते वाचून ती अशी हसली की शेजारचा फोटोवाला काळोख्या खोलीतून बाहेर डोकावला.

आता साप कुठल्या बिळात आहे ते तिला कळलं होतं, पण बिळात हात घालायचा कुणी? अहवालाला जोडलेली पानं तिनं पहिल्यापासून वाचायला घेतली. शेवटी कुलपं कापल्याच्या रजिस्टराची प्रत होती. त्या मंगळवारी एकही कुलूप कापलं गेलं नाही, हे दाखवायला जोडलेली. खरंच त्या तारखेला नोंद नव्हती. पण त्याआधीच्या दोन वर्षांत एकोणीस नोंदी होत्या. प्रत्येक नोंदीपुढं तीन चौकोन: आत बघितलं, घरी फोन केला, कारण. पहिल्या दोन नोंदींत तिन्ही चौकोन नीट भरलेले. तिसरीत तिन्ही चौकोनांवरून एकच ओळ आडवी लिहिलेली: प्रॉबेबली लेफ्ट फॉर होम. बहुधा घरी गेला. चौथीत तेच. पुढच्या पंधरा नोंदींत तेवढेही कष्ट नव्हते. खाली खाली नुसती ‘वरीलप्रमाणे’ची दोन टिंबं. सतरा माणसं अशी न बघताच घरी पोचवलेली.

सुनावणीला चार दिवस राहिले असताना कारखान्याचा स्टोअरकीपर तिच्या टपरीवर आला. निवृत्तीला आलेला माणूस, पेन्शनचा फॉर्म भाषांतर करून हवा होता. ती कोण आहे हे त्याला माहीत होतं, त्यामुळं नजर वर करत नव्हता. तिनं फॉर्म घेतला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, की कापलेल्या कुलपांचं पुढं काय होतं. तो म्हणाला, माझ्या खिडकीत येतात, पत्र्याच्या डब्यात पडतात, भरला की, म्हणजे दोनेक वर्षांनी, भंगारवाला नेतो. त्या मंगळवारनंतर भंगारवाला दोनदा येऊन गेला, मी डबा दिला नाही, म्हणाला. का दिला नाही, असं तिनं विचारलं. तर म्हणे, मला कुणी काही विचारलंच नाही.

तिला असा संताप आला की फॉर्म त्याच्या अंगावर फेकावा. तीन महिने मूग गिळून बसलास, माझ्या भाचीला वर्गात बोलणी खावी लागली, आणि म्हणतोस कुणी विचारलं नाही. ती तसं बोललीही. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, “साहेबांनी सुनावणीत मागितला तर डबा आणीन. मागितल्याशिवाय आणायची माझी छाती नाही, बाई. तेवढं तुम्ही करा.” तिनं फॉर्म भाषांतर करून दिला. शिक्काही मारला. रागावली होती, पण भित्र्या माणसानंसुद्धा तो डबा दोनदा राखला होता, हे तिला विसरता येत नव्हतं.

सुनावणी सकाळी अकराला होती. लांब टेबल, पाण्याचे झाकलेले ग्लास, कुरकुरणारा पंखा. मधोमध तपासणी अधिकारी, एका बाजूला कारखान्याचा मॅनेजर आणि त्या दिवशीचा शिफ्टइनचार्ज, समोर ह्या दोघी. अधिकारी सभ्य माणूस होता. त्यानं आधी दुःख व्यक्त केलं, घड्याळाकडं बघितलं, आणि मग कुटुंबाला काही म्हणायचंय का ते विचारलं. मॅनेजर मधेच म्हणाला, की अहवालात कुणालाही दोष द्यायचा हेतू नाही, म्हणूनच मुद्दाम प्रॉबेबली हा सौम्य शब्द घातलाय.

शिक्केवाली उठून उभी राहिली. तिनं किल्ली टेबलावर ठेवली आणि अधिकाऱ्याला सांगितलं की स्टोअरच्या खिडकीतला कापलेल्या कुलपांचा डबा मागवा. मॅनेजर म्हणाला, त्याचा इथं संबंध नाही. अधिकारी म्हणाला, आज वेळ नाही, लेखी अर्ज द्या, पुढं बघू. ती म्हणाली, पुढं अहवाल कायम होईल आणि मग भंगारवाला बघेल. कारखाना चालत दहा मिनिटांवर आहे, साहेब, माझ्या भावजयीला नवऱ्याचं शेवटचं काम बघायला तीन महिने लागले, तुम्हाला वीस मिनिटं लागतील. अधिकाऱ्यानं थोडा वेळ पेन फिरवलं, आणि मग शिपायाला पाठवलं.

स्टोअरकीपर स्वतः डबा घेऊन आला. टेबलावर वर्तमानपत्र पसरून कुलपं ओतली. सगळी लाल, सगळ्यांच्या कड्या कापलेल्या. शिक्केवालीनं अधिकाऱ्यालाच मोजायला सांगितलं. त्यानं मोजली. वीस भरली. रजिस्टरात एकोणीस.

“मोजण्यात चूक असेल बहुधा,” मॅनेजर म्हणाला.

शिक्केवालीनं टेबलावरची किल्ली उचलली. ती भावजयीच्या हातात दिली.

भावजय एकेक कुलूप उचलू लागली. पहिल्यात किल्ली शिरली, फिरली नाही. दुसऱ्यात शिरलीच नाही. खोलीत पंख्याखेरीज आवाज नव्हता. ती घाई करत नव्हती, प्रत्येक कुलूप परत जागेवर ठेवत होती, भांडी विसळून पालथी घालावीत तसं. सातवं झालं, आठवं झालं. शिफ्टइनचार्ज खाली मान घालून बसला होता. अकराव्या कुलपाशी त्यानं डोळे मिटले, आणि त्याच कुलपात किल्ली फिरली. खट्‌ असा बारीकसा आवाज झाला. भावजयीनं ती काढली, आणि सगळ्यांना दिसेल अशी परत एकदा घालून फिरवली.

मग शिफ्टइनचार्ज बोलला, कुणी न विचारताच. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. उत्पादन थांबलेलं होतं, वरून दोनदा फोन आला होता. कुलूप डबलचं आहे हे त्याला दिसलं होतं. डबलची शिफ्ट सुटलेली होती. “मला वाटलं, बहुधा घरी गेला,” तो म्हणाला. “सतरा वेळा तसंच निघालं होतं.” कुलूप कापून तो सवयीनं स्टोअरच्या खिडकीत टाकून आला. मग पाच मिनिटांनी जे झालं ते झालं, आणि रजिस्टरात लिहायला हात धजला नाही.

डोकावून बघायला किती वेळ लागला असता, असं भावजयीनं त्याला विचारलं. आवाज अजिबात चढवला नाही. तो म्हणाला, पाच पावलं होती.

अधिकाऱ्याचा चेहरा उतरला होता. तो चांगलाच माणूस होता, म्हणून त्यानं लगेच पेन उचललं, सुधारलेलं वाक्य लिहिलं आणि वाचून दाखवलं. त्याचा अर्थ असा होता, की मृत कामगारानं कुलूप लावलं होतं असं दिसतं, आणि ते प्रॉबेबली चुकून काढलं गेलं.

आणि इथं शिक्केवालीचा इतका वेळ आवरून धरलेला बांध फुटला.

“साहेब, किल्ली फिरली तेव्हा तुमचे डोळे उघडे होते ना?”

तो म्हणाला, बाई, ही अहवालाची भाषा आहे, वरच्या कार्यालयात असंच लिहायची पद्धत आहे.

“मी बावीस वर्षं हा शब्द ह्या भाषेतून त्या भाषेत वाहतेय. त्याचा अर्थ मी सांगते. ज्यानं जाऊन बघितलं, आणि बघूनही पुरतं दिसलं नाही, त्यानं हा शब्द वापरावा. ती त्याची नम्रता. ज्यानं बघितलंच नाही, त्यानं ‘मला माहीत नाही’ म्हणावं. ते लाजिरवाणं आहे, पण खरं आहे. आणि ज्याला लख्ख दिसलं, त्याला तर हा शब्द तोंडात घ्यायचा हक्कच नाही. ह्यांनी न बघता बहुधा म्हटलं आणि माझा भाऊ गेला. कंपनीनं न बघता बहुधा लिहिलं आणि त्याचं नाव गेलं. आता तुम्ही डोळ्यांनी बघून बहुधा लिहिताय. तिघांत सगळ्यात वाईट कोण, ते तुम्हीच ठरवा.”

मॅनेजर काही बोलायला गेला, पण अधिकाऱ्यानं हात वर केला. त्यानं कागद जवळ ओढला आणि शब्द खोडला. तिनं सांगितलं की नवव्या, दहाव्या आणि बाराव्या पानावरची वाक्यंही खोडा, निष्काळजीपणाच्या वाक्यासकट. त्यानं एकेक पान उलटलं, रेघ मारली, प्रत्येक रेघेशेजारी सही केली. मग नवीन पानावर तीनच वाक्यं लिहिली. कामगारानं कुलूप लावलं होतं. शिफ्टइनचार्जनं ते कापलं. कापण्याआधी कुणीही आत बघितलं नाही.

बाहेर जिन्यावर शिफ्टइनचार्ज तिची वाट बघत उभा होता. हात जोडले त्यानं. म्हणाला, ताई, माझ्या मनात पाप नव्हतं. तिला ते पटत होतं. त्याचाच तर राग होता. पाप मनात असतं तर निदान तो क्षणभर थबकला असता, आजूबाजूला बघितलं असतं. त्याच्या मनात काहीच नव्हतं, रिकाम्या चौकोनांवर ओढलेली एक ओळ होती फक्त. ती म्हणाली, “क्षमा देवाकडं माग, तो देणारा आहे. माझ्याजवळ आज नाही.” आणि भावजयीचा हात धरून खाली उतरली. पुढं कधी तिच्याजवळ क्षमा आली का? मला विचाराल तर, मला माहीत नाही.

भावजय मात्र घरी गेली नाही. तिथल्या तिथं तिनं शिक्केवालीकडून ती तीन वाक्यं इंग्रजीत म्हणून घेतली. शिक्केवाली म्हणत होती, मी भाषांतर करून देते, कागद दाखव म्हणजे झालं. ती ऐकेना. ज्या भाषेत ह्यांना बोल लावला त्याच भाषेत सांगेन, म्हणाली. रस्त्यानं चालताना दोघी ती वाक्यं घोकत होत्या, एक अडखळली की दुसरी सावरत होती. शाळेची मधली सुट्टी नुकतीच संपली होती. भावजय सरळ लेकीच्या वर्गात गेली, शिक्षिका आणि मुलं बघत असताना फळ्याजवळ उभी राहिली, आणि ज्या बाईला आयुष्यात इंग्रजीचं एक वाक्य बोलायची वेळ आली नव्हती तिनं तिन्ही वाक्यं सावकाश, मोडक्या उच्चारांत, शेवटपर्यंत म्हटली. लेक मधल्या बाकावर बसली होती. ती उठून उभी राहिली.

झाली गोष्ट. ह्या गोष्टीबद्दल तुमच्याकडं काही मागायचं असेल तर एकच आहे. त्या कारखान्यातल्या फिटरचं नाव कुठं निघालं, आणि कुणी म्हणालं की बिचारा, बहुधा विसरला असेल, तर गप्प बसून राहू नका. डबलची आठवण ठेवा, आणि सांगा की तो विसरला नव्हता. त्यानं कुलूप लावलं होतं.